चौदा किलोमीटरचा आरसा

आंबेखेड्यात कुणी झुलाल नानांना पाठीमागून हाक मारली तर नाना वळत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून नव्हे. शेजारच्या गल्लीत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगण्याइतके कान अजून तिखट आहेत. पण बोलायचं असेल तर समोर या, मध्ये काही येऊ देऊ नका आणि मग बोला, असा नानांचा नियम आहे. भिंतीआडून, दाराआडून किंवा म्हशीआडून आलेला निरोप ते पोचला असं धरतच नाहीत. त्यांची बायको इंदिराबाई आतून "च्या पियी ल्या" म्हणून चार वेळा ओरडतात आणि नाना ओट्यावर ढिम्म बसून राहतात. मग चहा गार होतो आणि इंदिराबाई गरम होतात.

हे खूळ त्यांना नोकरीनं लावलं. नाना एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, आणि त्यातली बहुतेक धुळ्याबाहेरच्या एका उघड्याबोडक्या डोंगरावर गेली. डोंगरावर लोखंडी मनोरा होता, मनोऱ्यावर दोन अजस्र डिश, खाली एक खोली, खोलीत यंत्रांची कपाटं आणि कपाटांसमोर खुर्चीत नाना. एका डिशचं तोंड धुळ्याकडे, दुसरीचं पारोळ्याकडे. धुळ्याहून कुणी जळगावला फोन लावला की तो आवाज आधी डोंगरावर यायचा, तिथून पारोळ्याच्या मनोऱ्यावर उडी मारायचा आणि पुढे जायचा. या उड्या मायक्रोवेव्ह लहरींच्या. ही लहर स्वभावानं नाकासमोर चालणारी. डोंगराला वळसा घालणं, वाकून जाणं तिला जमत नाही. एका डिशला दुसरी डिश दिसली पाहिजे एवढीच तिची अट असते. दिसली तर पन्नास किलोमीटर चुटकीसरशी, नाही दिसली तर पुढच्या टेकडीपलीकडेही नाही.

ती नजर टिकवणं हे नानांचं काम होतं. वादळानं डिश बोटभर फिरली तरी पलीकडे लहर शेतात पडायची. हिवाळ्यात पहाटे हवेचे गार-गरम थर एकावर एक बसले की लहर त्यातून भलतीकडे घसरायची, आणि नाना मीटरच्या काट्याकडे तापलेल्या पोराच्या कपाळाकडे बघावं तसे बघत राहायचे. एकदा भर उन्हाळ्यात एक वानर मनोऱ्यावर चढलं आणि पारोळ्याकडच्या डिशच्या तोंडाशी सावलीला बसलं. तासभर धुळे-जळगाव बोलणं तुटक झालं. कापसाचे दोन व्यापारी भाव ठरवता ठरवता अर्ध्यावर थांबले. नानांनी भुईमुगाच्या शेंगा दाखवून दाखवून त्या वानराला खाली आणलं, आणि रजिस्टरमध्ये 'अडथळा दूर केला' एवढंच लिहिलं.

गावाला यातलं काही पटलं नाही. आपल्याकडे घाम दिसल्याशिवाय काम दिसत नाही. नाना महिन्यातून दोनदा घरी यायचे, कपडे परीटघडीचे, हात मऊ. लोक विचारायचे, डोंगरावर काय करतोस रे झुलाल? ते सांगायचे, दोन डिश एकमेकींना दिसत राहतील असं बघतो. लोक मान डोलवायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर हसायचे.

पण खरा घाव घरातला होता. त्या एकतीस वर्षांत इंदिराबाईंनी सासू-सासरे सांभाळले, सात बिघे कपाशी निंदली, दोन मुलींची लग्नं जुळवली. त्यांच्या हिशेबी एकानं राबायचं आणि एकानं खुर्चीत बसायचं असा हा संसार झाला. नानांनी शंभर वेळा समजावून सांगितलं. इंदिराबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "तुमनं काय, बठानं काम." नाना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, डोंगरावरच्या डिश केव्हाच मुक्या झाल्या, जमिनीखालून केबल गेली, तरी हे वाक्य काही जुनं झालं नाही. नानांना दुसरं काही नको होतं. आपण आयुष्यभर जे केलं ते काहीतरी होतं, एवढं एकदा या बाईनं म्हणावं, इतकीच त्यांची इच्छा होती. आणि ती त्यांना भारी छळायची.

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ती संधी चालून आली. नानांचा पुतण्या ललित शिरपुरात इंटरनेटचा धंदा करतो. चौतिशीचा गडी, बोलण्यात चलाख. आंबेखेड्याला येणारी त्याची केबल रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं एका महिन्यात पाच वेळा तोडली. शेवटी वैतागून त्यानं ठरवलं की केबलच नको. शिरपुरात हिरालाल शेठच्या चार मजली दुकानावर एक डिश आणि आंबेखेड्यात पंचायतीच्या गच्चीवर दुसरी. मधलं अंतर चौदा किलोमीटर. आखाजीला माहेरवाशिणी येतात, गाव भरतं, त्याआधी सुरू करून दाखवतो असा शब्दही देऊन बसला.

नाना हे ऐकून पायात चप्पल न घालता पंचायतीवर गेले. गच्चीवर ललित होताच; नानांनी चढून दक्षिणेला बघितलं. मध्ये सागाची टेकडी होती. एप्रिलमधला साग, पान नाही, नुसत्या काटक्या. ललितनं धुळीचा पडदा नसलेली एक सकाळ गाठून त्या काटक्यांतून शिरपूरची पाण्याची टाकी बघितली होती.

"नाना, मी डोळावरी दखी टाकी. मोबाईलना नकाशा बी सांगस, रस्ता साफ शे. आते काय पायजे?"

"आते दिखस. पावसायामा सागले पानं उनात म्हंजे?"

"पानं तर पानं. पानले काय व्हस?"

"पानमा पानी ऱ्हास, भो. ती लहर पानीमा जिरी जास."

ललित हसला. नानांनी त्याला गच्चीवरच बसवून समजावलं. डोळ्याला सुईच्या नेढ्यातून दिसलं तरी पुरतं, लहरीला ऐसपैस जागा लागते. दोन डिशच्या मध्ये तिची वाट ढोलकीसारखी असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली. त्या फुगवट्यात झाड, टेकाड, काही शिरलं की आवाज बसला. आत्ता बोडक्या सागातून तुझं इंटरनेट धावेल, आखाजीला लोक तुला डोक्यावर घेतील, आणि पोळ्यापर्यंत साग हिरवागार झाला की तेच लोक तुला खाली आपटतील. भिकुबाईचं घर टेकावर आहे, गावात सगळ्यात उंच. तिथून सागाचे शेंडे खाली राहतात. डिश तिथे लाव.

"तठून तर शिरपूर दिखतच नही," ललित म्हणाला. "मी जाई उनू. बठ्ठी धूळ."

"मी दखाडस तुले."

"मंग परवा बारा वाजालोंग दखाडा. वेल्डर येल ऱ्हाई. दखाडं तर खांब भिकुमायकडे, नहीतर पंचायतवर."

आता अडचण अशी की भिकुबाईचं नाव नानांच्या घरात घ्यायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला भिकुबाईंनी पुरणपोळ्या भाजायला इंदिराबाईंचं मातीचं खापर नेलं आणि परत दिलं ते तडा गेलेलं. भिकुबाई म्हणाल्या, तडा आधीच होता. इंदिराबाई म्हणाल्या, तडा तुझ्या बोलण्यात आहे. तेव्हापासून दोघी एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळी जायच्या. भिकुबाई साठी ओलांडलेली विधवा, मुलं सुरतेला, घर मोठं, जिभेला धार. नाना तिच्याकडे गेले ते मागच्या बोळातून.

खात्यात पूर्वी मनोरा उभा करण्याआधी अशीच पारख करायचे. धुळीतून घर दिसत नाही, पण आरशावरून मारलेलं ऊन दिसतं. एका टोकाला एक माणूस आरसा घेऊन उभा, दुसऱ्या टोकाला दुसरा. इकडचा उजेड तिकडे दिसला आणि तिकडचा इकडे दिसला की वाट मोकळी. भिकुबाई एका पायावर तयार झाल्या. मात्र त्यांच्याकडे आरसा होता तो टिकली लावण्यापुरता.

इथे नानांनी एक चूक केली. चांगला आरसा म्हणजे जाड, सपाट काचेचा, ज्यात तोंड लाटेसारखं हलत नाही असा. तसा गावात एकच होता, आणि तो नानांच्या माजघरात खिळ्याला टांगलेला होता. इंदिराबाईंनी लग्नात मुक्ताईनगरहून माहेरचा म्हणून आणलेला, सागवानी चौकटीचा. ठरल्या दिवशी पहाटे त्या विहिरीवर गेल्या तेव्हा नानांनी तो खिळ्यावरून उतरवला, पंच्यात गुंडाळला आणि बोळातून भिकुबाईच्या हातात दिला. विचारायचं तर भिकुबाईचं नाव काढावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. कामाच्या नादात त्यांना एवढंच दिसलं की काच उत्तम आहे. आपण बायकोचा माहेरचा आरसा दुसऱ्या बाईला, तोही तिच्या वैरिणीला, चोरून देतोय, हे काही केल्या डोक्यात शिरलं नाही. एकतीस वर्षं एकट्यानं डोंगरावर काढली की माणसाचं असं होतं.

भिकुबाईला त्यांनी शिकवलं. डावा हात लांब कर, दोन बोटं फाकव, बोटांच्या फटीत शिरपूर धर आणि आरशाचा कवडसा बोटांवर पाड. बोटं उजळली की उजेड शिरपूरला गेला समज. दहा वाजता गच्चीवर ये. मी फोन करतो. एवढं सांगून नाना सातची एसटी पकडून शिरपूरला गेले.

हिरालाल शेठच्या गच्चीवर त्यांच्या सौभाग्यवती धनकुंवरबाईंचे पापड वाळत होते. उत्तरेच्या कठड्याशी पाय ठेवण्यापुरती जागा होती. नाना तिथे उभे राहिले, एका हातात दुकानातून आणलेला नवा आरसा, गळ्यात खात्याच्या लिलावात घेतलेली दुर्बीण, कठड्यावर स्पीकरवर ठेवलेला फोन. शेठ पापडांना पाय लागू नये म्हणून पहाऱ्याला थांबले होते. ऊन त्रेचाळीसच्या घरात.

"भिकुबाई, मी दिखी ऱ्हायनू का?"

"नही ओ नाना."

नानांनी आरसा केसभर कलता केला.

"आते?"

"माय वं! दिखना! कसा लखलख करी ऱ्हायना!"

हिरालाल शेठनी पापडांवरची नजर नानांकडे वळवली.

"मंग आते तू चमकाड. मना आंगवर."

"नाना," शेठ हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

नानांचं लक्ष दुर्बिणीत. भिकुबाईचा उजेड वीस मिनिटं कुठे कुठे फिरला ते देवाला ठाऊक. सागावर पडला असेल, बांधावरच्या गायीवर पडला असेल. नाना सांगत होते, थोडी डावीकडे, वर बघू नको, बोटांकडे बघ. शेवटी धुळीच्या राखाडी पट्ट्यात, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक ठिणगी उजळली. स्वच्छ, न थरथरणारी. सागाच्या चांगली वर. नानांना वाटलं की आपण आत्ताच्या आत्ता बावीस वर्षांचे होऊन डोंगर चढू.

आणि ठिणगी विझली.

फोनमधून आधी बायकांचा गलका आला. आखाजीला आलेल्या माहेरवाशिणी खालच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर होत्या. त्यांनी दक्षिणेला चमकतं ते पाहिलं, भिकुबाईला गच्चीवर आरसा घेऊन त्याला उत्तर देताना पाहिलं. मग एकीनं खालून विचारलं, कोण आहे तो? आणि भिकुबाईंनी, ज्यांना आवाज खाली ठेवणं कधी जमलं नाही, सांगून टाकलं, "झुलाल नाना! माले म्हने दहाले गच्चीवर ये!" पुढचं झोक्यावरच्या पोरींनी आपापल्या परीनं गावभर नेलं.

फोनमध्ये जिन्यावर पावलं वाजली. ती पावलं नाना सेहेचाळीस वर्षं ओळखत होते.

"हाऊ आरसा कोना शे?" इंदिराबाईंचा आवाज.

"तुना," भिकुबाई म्हणाल्या. "नानांनी दिधा."

यानंतर फोनमध्ये जे झालं ते इथे लिहिण्याजोगं नाही. तडा गेलेलं खापर आलं, भिकुबाईंच्या सुरतेच्या सुना आल्या, नानांचे पांढरे केस आले आणि मुक्ताईनगरचं अख्खं माहेर आलं. हिरालाल शेठ पापड विसरून कठड्याला टेकले होते. ललितही कधीतरी भिकुबाईच्या गच्चीवर येऊन पोचला असावा, कारण मध्येच "काकू, आयकी तर ल्या" असा त्याचा केविलवाणा आवाज ऐकू आला आणि बंद झाला. नानांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा, आणि ललितनं अजून काहीच पाहिलं नव्हतं. आरसा इंदिराबाई घेऊन जाणार, उजेड जाणार, बारा वाजणार, खांब पंचायतीवर ठोकला जाणार. आणि आपण चौदा किलोमीटरवर पापडांत उभे.

"आयक," नाना म्हणाले. "मना आयक. शिव्या मंग दे."

"तुम्ही तर बोलूच नका!"

"बोलत नही. फक्त शिरपूरकडे दख."

"काय दखू? धूळ शे बठ्ठी."

"दख तर."

नानांनी डावा हात लांब केला. बोटं घामानं भिजली होती. फटीत गाव धरलं आणि कवडसा बोटांवर आणला. हात कठड्याला टेकवून धरला. फोनमध्ये पावलं सरकली. नानांना वाटलं, गेली.

"तो तुम्ही शेतस?" इंदिराबाईंचा आवाज आला. एकदम वेगळा, खाली आलेला.

"हा."

"चौदा किलोमीटरवर?"

"मोज," नाना म्हणाले आणि तळहातानं आरसा तीनदा झाकला.

"तीन," इंदिराबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आखो करा."

नानांनी पाचदा झाकला. तिकडून पाच आकडे मोजलेले ऐकू आले. आता तिथे झोक्यावरच्या पोरीही मोजत होत्या.

"तठे डोंगरवर बी असंच करेत का?"

"तठे आरसा नही. पन काम हेच. त्यानी याले दखाले पायजे, यानी त्याले. जरा नजर हटी का लोकेसनं बोलनं बंद."

"एकतीस वरीस?"

"एकतीस."

इंदिराबाई म्हणाल्या, "माले वाटे, तुम्ही नुसता बठेत." नानांनी इतकी वर्षं मनात या वाक्याची शंभर उत्तरं तयार करून ठेवली होती, पण आता त्यांनी आरसा तेवढा आणखी एकदा झाकून उघडला. हिरालाल शेठनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तो घ्यायचा तर आरसा खाली ठेवावा लागला असता, म्हणून नानांनी मान हलवली.

"काकू, आरसा द्या," ललित म्हणत होता. "भिकुमाय, तुम्ही परत चमकाडा. नानांले दखाले पायजे ना."

"भिकुबाई काबरं?" इंदिराबाई म्हणाल्या. "आरसा मना शे."

नाना शिकवायला लागले. डावा हात लांब कर, दोन बोटं फाकव. ते वाक्य पुरं करतात तोवर धुळीतून उजेड आला आणि दुर्बिणीतून सरळ त्यांच्या डोळ्यांत घुसला. एका झटक्यात. भिकुबाईला वीस मिनिटं लागली होती. नानांनी डोळे मिटले, तरी आत नारिंगी दिसत होतं.

"पोचना का?"

"पोचना. तुले कसं जमनं इतलं लवकर?"

"त्यामा काय शे," इंदिराबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या बाजूले उभा शेतस. मी एकतीस वरीस तुम्हना वाटकडेच दखी ऱ्हायनू."

तिकडे गच्चीवर कुणीतरी हसलं, बहुतेक भिकुबाई, आणि लगेच गप्प झालं. पावणेबारा झाले होते. वेल्डर खालून ओरडत होता, लोखंड कुठे चढवू म्हणून विचारत होता.

"नाना," ललित म्हणाला, "मंग खांब कोठे लावू?"

नानांनी आरसा तसाच धरून ठेवला होता. दंड भरून आला होता, घाम डोळ्यांत जात होता आणि पायाखाली धनकुंवरबाईंचे दोन पापड केव्हाच मोडले होते.

"माले काय विचारस," नाना म्हणाले. "तुनी काकू उभी शे ना. तिले विचार."